धन्याने देह दिला नाही तर?

रोमजवळच्या लानुवियम गावी डायना व अँटिनोअस यांच्या भक्तमंडळाने इ. स. १३६ च्या सुमारास आपले नियम शिळेवर कोरले. प्रवेशाला १०० सेस्टर्स नाणी व चांगल्या मद्याचा एक कुंभ (नाक मुरडू नका, त्यांचा आचार तो!), शिवाय मासिक वर्गणी. सभासदांत गुलामही असत. उत्सवाच्या पंगतीत जागा बदलून गडबड केली तर ४ नाणी दंड, शिवीगाळीला १२. तक्रारी सभेत आणाव्या, सणाला आनंदाने जेवावे.

पण पंगत उठली की गुलाम धन्याचाच ना? मग ही बरोबरी खरी कशी? मीही आधी तसेच म्हणत होतो. पुढे एक कलम वाचले नि थबकलो. गुलाम सभासद मेला आणि धन्याने अन्यायाने देह दिला नाही, तर त्याच्या प्रतिमेवर अंत्यविधी करावा! धन्याशी झगडण्याचे बळ मंडळापाशी नव्हते, गुलामाला सोडवण्याची भाषाही तिथे नाही. हे उणेच आहे. तरी धन्याच्या अन्यायाला अन्याय म्हणून त्यांनी तो दगडात कोरला, आणि वर्गणी भरणाऱ्या गुलामाला तो जिवंतपणीच ऐकू आला असेल.