पडद्यावरचे दर्शन

चित्रपटगृहातील खेळ दोन प्रकारचे असतात. एक रोजचा: ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दराने, जो येईल त्याच्यासाठी. दुसरा विशेष: एकादशी, गोकुळाष्टमी, संताची पुण्यतिथी किंवा एखाद्या जुन्या चित्रपटाचा महोत्सव अशा निमित्ताने लावलेला. मीमांसकांनी कर्मांची नित्य आणि नैमित्तिक अशी जी विभागणी केली, ती येथेही लागू पडते. नित्य कर्म दिनक्रमात बसते. नैमित्तिकाला निमित्त लागते आणि त्या निमित्तासाठीच लोक जमतात. विशेष खेळाला येणाऱ्याला कथेचा शेवट आधीच ठाऊक असतो. कीर्तनातले आख्यान जसे पुन्हा ऐकले जाते, तसा तो चित्रपट पुन्हा पाहिला जातो. अशा खेळात पडद्यावर देव किंवा संत दिसताच प्रेक्षकाचे हात जुळतात. तेव्हा जे घडते, त्याला दर्शन म्हणावे काय, हा येथला प्रश्न आहे.

मराठीत देव ‘पाहत’ नाहीत, देवाचे दर्शन ‘घेतात’. या शब्दयोजनेत एक पूर्ण विचार आहे. दर्शन दोन्ही बाजूंनी घडते: भक्त देवाला पाहतो आणि देवाची दृष्टी भक्तावर पडते. म्हणूनच मूर्ती घडल्यावर तिचे डोळे उघडण्याचा वेगळा विधी असतो. पडद्यावरच्या आकृतीला असा विधी नाही. ती प्रकाशाची बनलेली, क्षणात येणारी आणि क्षणात जाणारी. तिला प्रेक्षक दिसत नाही. तरीही भारतातील चित्रपटगृहांचा इतिहास हात जोडणाऱ्या प्रेक्षकांनी भरलेला आहे.

या इतिहासाचा आरंभच अशा एका खेळाने झाला. 1910–11 च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना त्यांच्या मनासमोर कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या उभे राहिले, असे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. एका धर्माच्या कथेतून दुसऱ्या धर्माच्या माणसाला स्वतःच्या देवाची ओढ लागली. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याचे बीज त्या खेळात होते.

1917 मध्ये आलेल्या ‘लंकादहन’ने प्रश्न पूर्ण रूपात समोर आणला. राम पडद्यावर येताच प्रेक्षक उठून नमस्कार करीत. या चित्रपटाच्या उत्पन्नाची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आठवण सांगितली जाते. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. साळुंके आधी एका खाणावळीत आचारी होते; ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीही त्यांनीच साकारली होती. स्त्रिया पडद्यावर यायला तयार नसण्याच्या काळातली ती सोय होती. पण तिच्यातून नकळत एक तत्त्व प्रकट झाले. देह एक, रूपे दोन, आणि दोन्ही रूपांना नमस्कार. लोक साळुंकेंना नमस्कार करीत नव्हते. नटाच्या देहातून त्यांची दृष्टी पार जात होती, आणि देहापाशी न थांबणारी दृष्टी हेच भक्तीचे लक्षण आहे.

संतपटांनी प्रश्न आणखी सूक्ष्म केला. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ 1936 च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि एकाच चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला. 1937 च्या व्हेनिस महोत्सवात तो उत्कृष्ट चित्रपटांमध्ये गणला गेला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी मिळून त्याचे दिग्दर्शन केले. वैष्णव संताचे चित्र उभे करणाऱ्या दोघांपैकी एक मुसलमान होता, आणि त्या सहकार्याची खूण चित्रपटात कुठेही उसनी वाटत नाही. तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीसांनी केली. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेल्या या गायक नटाला लोक पुढे तुकाराम समजूनच वाकून नमस्कार करू लागले. चित्रपटातले बीजाच्या दृष्टांतावरचे पद तर अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले. प्रत्यक्षात ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले होते.

येथे पहिला गंभीर आक्षेप उभा राहतो. भाव खरा असला तरी त्याचा आधार बनावट असेल, तर ते दर्शन की फसगत? संताच्या नावावर नवे पद खपले तर गाथेचे काय होईल? या आक्षेपाचे उत्तर परंपरेतूनच मिळते. संतांच्या नावावर उत्तरकाळात अनेक रचना जोडल्या गेल्या आहेत, आणि त्या निवडणे हे अभ्यासकांचे काम आहे. भक्ताने भक्ताचे काम करावे, चिकित्सकाने चिकित्सकाचे. भाव आणि तपासणी एकमेकांच्या आड येत नाहीत. रचनाकाराचे नाव लपवून ठेवले जाते, तेव्हाच खरा दोष घडतो. म्हणून अशा विशेष खेळाआधी पद कोणाचे, कथा कोणत्या चरित्रातून घेतली, कोणता प्रसंग कल्पित, हे चार वाक्यांत सांगणे भक्तीला बाधक नाही. तो सत्याचा मान आहे.

दुसरा आक्षेप तिकिटाचा. ज्या तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते, त्यांचे दर्शन खिडकीवर पैसे मोजून घ्यायचे? वारकरी परंपरेने कीर्तनाचा मोबदला घेणेही नापसंत केले आहे. हा आक्षेप हलका नाही. तिकीट हा जागेचा, यंत्राचा आणि राबणाऱ्या माणसांचा खर्च आहे, दर्शनाचे मोल नाही, असे उत्तर देता येते. पण ते उत्तर आचरणात दिसायला हवे. आषाढीचा खेळ गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विनाशुल्क दाखवणारा चालक ते उत्तर देतो. गर्दीचा अंदाज घेऊन त्याच दिवशी दर चढवणारा ते उत्तर खोटे पाडतो.

तिसरा आक्षेप शास्त्राचा. ज्या आकृतीची प्राणप्रतिष्ठा झाली नाही, जी एकाच वेळी शंभर गावांत दिसते, तिला प्रतिमा कसे म्हणावे? भागवताच्या एकादश स्कंधातील सत्ताविसाव्या अध्यायात प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले आहेत: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनाची. या यादीत चित्र आहे, वाळू आहे आणि मनही आहे. म्हणजे टिकाऊपणा ही अट नाही. स्थिर प्रतिमेला आवाहन आणि विसर्जन नको, इतरत्र ते प्रसंगानुसार करावे, असाही भेद तेथे केला आहे. लेपाच्या किंवा रेखाटलेल्या प्रतिमेला स्नान घालू नये, ती नुसती पुसून घ्यावी, इतका व्यवहारी विचार त्यात आहे. द्रव्य बदलले की उपचार बदलतो. देव बदलत नाही.

मराठी घराला हे नव्याने शिकवावे लागत नाही. भाद्रपदात मातीच्या गणपतीत प्राणप्रतिष्ठा होते, दीड दिवसाने किंवा दहा दिवसांनी विसर्जन होते, आणि पाण्यात विरणाऱ्या मातीबद्दल कोणालाही देव संपल्याची भीती वाटत नाही. चित्रपटगृहातला क्रम याच्याशी विलक्षण जुळतो. दिवे मालवतात, प्रक्षेपकाचा झोत पडद्यावर पडतो: हे आवाहन. दोन-अडीच तासांनी दिवे लागतात, पडदा पांढरा होतो: हे विसर्जन. फरक एवढाच की, येथे मंत्र म्हणणारा पुरोहित नाही. जमलेल्या माणसांचा भावच ते काम करतो. तो भाव नसेल तर पडद्यावर नुसता मुकुट घातलेला नट उरतो.

वेदान्ताने तर चित्र आणि कापड यांचाच दृष्टांत घेतला आहे. विद्यारण्यांच्या पंचदशीत ‘चित्रदीप’ नावाचे प्रकरण आहे. धुतलेले, खळ दिलेले, रेखाटलेले आणि रंगवलेले अशा कापडाच्या चार अवस्था सांगून त्यांवरून शुद्ध चैतन्य, अंतर्यामी, सूत्रात्मा आणि विराट यांचा विचार मांडला आहे. आधार एकच कापड, त्यावर उमटलेले जग मात्र नाना तऱ्हेचे. मराठवाड्यात या विचाराला प्रत्यक्ष रूपही मिळाले. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पंचीकरणाचे तत्त्वज्ञान सुमारे 40 फूट लांबीच्या पासोडीवर, म्हणजे कापडी पांघरुणावर, लिहून काढले. ती पासोडी आजही तेथे जतन केलेली आहे. विसाव्या शतकात रमण महर्षींनी हाच दृष्टांत चित्रपटाला लावला: पडद्यावर आग लागली तरी पडदा जळत नाही, पूर आला तरी भिजत नाही. मराठीत सिनेमाला ‘चित्रपट’ म्हणतात, त्या शब्दातल्या ‘पटा’ची आठवण या सर्व विचारात आहे.

मात्र सर्व धर्मपरंपरा दृश्य रूपाकडे एकाच नजरेने पाहत नाहीत, आणि हे नांदेड जिल्ह्यात विशेष जाणवते. उदाहरणार्थ, नांदेड–आदिलाबाद लोहमार्गावरचे भोकर हे गाव तेलंगणाच्या सीमेजवळ आहे. 1956 पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता. गावात मराठी, दखनी आणि तेलुगू कानावर पडते, बंजारा तांड्यांवर गोरमाटी. सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात एन. टी. रामाराव यांचा 1957 च्या ‘मायाबजार’मधला कृष्ण लोकांच्या मनात देवघरातल्या तसबिरीइतका ठसला. नांदेडला मात्र 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथाला दिले. देहधारी रूपाच्या जागी शब्द बसवला. म्हणून शीख परंपरा नटाने गुरूंची भूमिका करणे मान्य करीत नाही. 1969 च्या ‘नानक नाम जहाज है’ या पंजाबी चित्रपटाला लोक डोके झाकून, अनवाणी बसले, ते गुरूंच्या नावाच्या आणि गुरुद्वारांच्या आदरापोटी. इस्लाममध्ये पैगंबरांचे चित्रण वर्ज्य आहे. 1976 च्या ‘द मेसेज’मध्ये म्हणूनच ते पडद्यावर कधीच दिसत नाहीत. दाखवणे ही जशी भक्ती, तसे न दाखवणे हीही भक्तीच. ज्या गावात या सर्व दृष्टी शेजारी राहतात, तेथे विशेष खेळ ठरवणाऱ्याने हा भेद जाणून घेणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

या भेदाच्या मुळाशी असलेला प्रश्न नामदेवांच्या कथेत आहे, आणि ती कथा शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात घडते. औंढा नागनाथाला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले नामदेवांना दिसतात. नामदेव रागावतात. विसोबा म्हणतात, देव नसेल तेथे माझे पाय ठेव. नामदेव पाय जिकडे वळवतात, तिकडे पिंड उगवते. या कथेवरून कोणी म्हणेल की देव सर्वत्र असेल तर देवळाचीही गरज नाही, मग चित्रपटगृहाची कशाला? पण कथेपुढचा नामदेव लक्षात घ्यावा लागतो. हा बोध झाल्यावरही त्यांनी पंढरीची भक्ती सोडली नाही. देवाला जागा लागत नाही; माणसांना एकत्र यायला जागा लागते. सर्वव्यापी देवाचे स्मरण होण्यासाठी माणूस एक ठिकाण, एक वेळ आणि एक निमित्त नेमतो.

हे नेमलेले ठिकाण दगडी असावे लागत नाही. महाराष्ट्रातील जत्रांतून तंबूचे सिनेमे वर्षानुवर्षे फिरले. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत देवदर्शन, जनावरांचा बाजार आणि तमाशाचे फड एकाच माळावर भरतात. पवित्र आणि लौकिक यांच्यात तेथे भिंत नसते. गणेशोत्सवात चौकात पडदा बांधला जाई, तेव्हा समोर जागा उरली नाही की माणसे पडद्यामागे बसत. मागून सगळे उलटे दिसे: पाटीवरची अक्षरे उलटी, राम डाव्या हाताने बाण सोडणारा. तरी वनवासाला निघालेल्या रामासाठी मागच्या बाजूचेही डोळे पुसले जात. ज्या बाजूने पाहिले, त्या बाजूने तो दिसला. दर्शन चित्राच्या अचूकपणावर अवलंबून नसते, याचा इतका साधा पुरावा दुसरा नाही.

1975 च्या ‘जय संतोषी माँ’ने हेच मोठ्या प्रमाणावर दाखवले. स्त्रिया दाराशी चपला काढून आत गेल्या, पडद्यावर फुले आणि नाणी उधळली, घरी परतून शुक्रवारचे व्रत धरले. 1987 मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाल्यावर दूरचित्रवाणी संचालाही हार घातले गेले. आज तेच चित्रपट हातातल्या मोबाइलवर केव्हाही दिसतात, आणि एकपडदा चित्रपटगृहे एकेक करून बंद पडत आहेत. मोबाइलवर प्रतिमा तीच असते, पण निमित्त नसते, वाट पाहणे नसते, शेजारच्या अनोळखी माणसाचे जुळलेले हात नसतात. एकट्याचे ध्यान श्रेष्ठ असेलही. पण वारकरी संप्रदायाने मेळ्याला जे मोल दिले, ते ध्यानाने भरून निघत नाही.

तेव्हा निर्णय असा. पडद्यावरची आकृती स्वतः देव नाही, तशी दगडाची मूर्तीही स्वतः देव नाही. भाव असेल, निमित्त असेल, माणसे एकत्र असतील आणि दाखवणारा प्रामाणिक असेल, तर चित्रपटगृहात घडते ते दर्शनच आहे. तेवढ्या वेळापुरते ते मंदिर आहे. यांतले एक जरी उणे पडले तरी तो केवळ खेळ राहतो. जुन्या चित्रपटगृहांत असे खेळ होत राहिले पाहिजेत, कारण गावाने एकत्र बसून एकाच दिशेने पाहण्याच्या जागा आता फार थोड्या उरल्या आहेत. ज्या ‘लंकादहन’ने एके काळी सारे प्रेक्षागृह उभे केले, त्याच्या फितीचे आज केवळ काही तुकडे शिल्लक आहेत.