परके अन्न आणि निषिद्ध अन्न





जुम्म्याच्या नमाजनंतर इमामाला जे प्रश्न विचारले जातात, त्यांवरून वस्तीचे जीवन कोणत्या दिशेने चालले आहे याचा अंदाज येतो. मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळात शेतीची गावे. एमआयडीसीने तेथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवले आणि या गावांच्या वाटांवर देशभरातील तरुण येऊन पोहोचले. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. रांजणगावला एलजी ही कोरियन कंपनी आली. या उद्योगांबरोबर जर्मन, जपानी, कोरियन माणसे या पट्ट्यात आली आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे अन्नही आले. आज हिंजवडी, वाकड, बाणेर या भागांत एका संध्याकाळी जपानी सुशी, कोरियन किमची, इटालियन पास्ता आणि यमनची मंदी यांपैकी काहीही ताटात येऊ शकते. त्यामुळे तरुण नमाजींचा एक प्रश्न आता नेहमीचाच झाला आहे : मौलाना, कंपनीतले सहकारी कोरियन हॉटेलात जेवायला नेतात. जाणे जायज आहे का?

या प्रश्नाची रचना लक्षपूर्वक पाहा. त्या अन्नात काय असते, असे येथे विचारलेले नाही; अन्न कोणाचे आहे, तेवढेच सांगितले आहे. म्हणजे एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. एक शरीअतचा आहे : हे निषिद्ध आहे काय? दुसरा सवयीचा आहे : हे परके आहे काय? या दोहोंची गल्लत झाली की माणूस दोन्ही बाजूंनी चुकतो. जे हलाल आहे ते परके म्हणून नाकारतो, आणि जे संशयास्पद आहे ते ओळखीचे म्हणून निःशंकपणे खातो.

या गल्लतीवरचा इलाज आपल्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरातच सापडतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आलेला प्रसंग आहे. हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी भाजलेला दब्ब ताटात आला होता. दब्ब म्हणजे वाळवंटात आढळणारा, आपल्याकडच्या सांड्याच्या जातीचा सरपटणारा प्राणी. प्रेषितांनी (स.) हात पुढे केला, पण ताटात काय आहे हे कळताच त्यांनी तो मागे घेतला. जवळ बसलेल्या खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले, हे हराम आहे काय? उत्तर नकारार्थी आले. हा प्राणी आपल्या लोकांच्या प्रदेशात आढळत नाही, म्हणून मनाला तो रुचत नाही, एवढेच कारण प्रेषितांनी (स.) सांगितले. मग खालिद (रजि.) यांनी ते ताट आपल्याकडे ओढले आणि प्रेषितांच्या (स.) नजरेसमोर ते खाल्ले. या विशिष्ट प्राण्याविषयी पुढे फकीहांमध्ये मतभेद झाले आणि हनफी विद्वानांनी अन्य हदीसांच्या आधारे तो मकरूह मानला. तथापि येथे आपला विषय तो प्राणी नसून त्या उत्तराची रीत हा आहे.

विचार करा, ज्यांच्या नापसंतीला सर्व उम्मतसाठी कायद्याचे वजन येऊ शकले असते, त्यांनीच आपली नापसंती ही केवळ नापसंती आहे हे स्पष्ट करून सांगितले. स्वतःच्या जिभेची सीमा त्यांनी अल्लाहच्या आज्ञेची सीमा होऊ दिली नाही. त्यांनी हात मागे घेतला, पण खालिदचा हात धरला नाही. अन्नाला त्यांनी कधी नावे ठेवली नाहीत, रुचले तर खाल्ले, न रुचले तर सोडून दिले, असे हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगतात. माणसाच्या मनातील किळस आणि माणसाच्या मनातील तकवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोहोंतही माणूस ताट दूर सारतो. म्हणून आपण ताट का दूर सारले, हे स्वतःला विचारणे आवश्यक ठरते. पवित्र कुरआनच्या सूरह नहलमध्ये (आयत ११६) केवळ जिभेच्या बळावर हे हलाल, ते हराम असे ठरवून अल्लाहच्या नावावर असत्य रचण्यास मनाई केली आहे. हा इशारा हरामाला हलाल म्हणणाऱ्यास जितका आहे, तितकाच हलालला हराम म्हणणाऱ्यासही आहे.

किमचीचेच उदाहरण घ्या. ती मुख्यतः कोबी, मुळा, लसूण आणि मिरची मिठात आंबवून केलेली भाजी; चवीला अनेकदा मासळीचा अर्क किंवा खारवलेली कोळंबी घालतात. तिच्या वासाने नाक मुरडणाऱ्याने आपल्या घरातील सुकट आणि सुके बोंबील आठवावेत. हिंजवडीत नोकरी करणारा नागा तरुण खोलीवर अखुनी शिजवतो, तेव्हा शेजारी दारे लावून घेतात. अखुनी म्हणजे आंबवलेले सोयाबीन. तिच्यात निषिद्ध असे काही नाही. तिचा अपराध एवढाच की ती आपल्या आईने कधी केली नाही. उलट, आपण ज्याला आपले म्हणतो त्यातले पुष्कळसे एकेकाळी परके होते. मिरची, बटाटा, टोमॅटो हे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगिजांचे पाय हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागल्यानंतर ते इकडे आले. रमजानमध्ये इफ्तारला आपण जिलबी खातो, तिचे नावही अरबी-फारसीच्या वाटेने आले आहे. मिरचीशिवायचा रस्सा आज आपल्याला परका वाटतो. परकेपणा पदार्थाच्या अंगी नसतो. तो खाणाऱ्याच्या सवयीत असतो आणि सवयीबरोबर सरतो.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू, कारण परके ते निषिद्ध नव्हे एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय. ओळखीचे ते सर्व हलाल, असेही नाही. महामार्गावरच्या ढाब्यावरील कोंबडीचा रस्सा चवीला आपल्या घरच्यासारखा असतो, पण ती कोंबडी कोणी व कशी कापली हे आपण किती वेळा विचारतो? नाताळात कंपनीत वाटलेल्या केकमध्ये रम असू शकते. तिरामिसू या इटालियन मिठाईत बहुधा मद्य घालतात. मऊ, थरथरत्या मिठायांतील जिलेटिन कोणत्या प्राण्याचे, हे दिसून कळत नाही. पाकिटावरचे हिरवे चिन्ह आत मांस नसल्याचे सांगते; मद्याविषयी ते काही सांगत नाही. सवय आपल्या सावधपणाला झोपवते, ही खरी अडचण आहे.

तेव्हा अनोळखी ताटासमोर बसताना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, मांस असल्यास ते जबीहा आहे काय. मासळीला जबह लागत नाही, म्हणून तेथे हा प्रश्न उरत नाही. दुसरी, रस्सा व चरबी कशाची आहे. जपानी रामेनचा तोंकोत्सु हा प्रकार डुकराची हाडे तासन्‌तास उकळून करतात. मेक्सिकोतील वाटलेल्या घेवड्याला पारंपरिक रीतीत डुकराच्या चरबीची फोडणी असते. भाजीचा पदार्थ म्हणून मागवला, तरी तो याच रश्श्यात शिजलेला असू शकतो किंवा याच कढईत तळलेला असू शकतो. तिसरी, मद्य घातले जाते काय. जपानी स्वयंपाकात वापरल्या जाणाऱ्या मिरिन या तांदळाच्या गोड मद्यात सुमारे १४ टक्के अल्कोहोल असते. शिजताना ते सारे उडून जाते, ही समजूत खरी नाही. सुशीच्या भातात मात्र मुख्यतः सिरका असतो, आणि सिरक्याची तर प्रेषितांनी (स.) सालन म्हणून प्रशंसा केली आहे. त्या भातात मिरिनही घातले आहे काय, एवढे विचारले की पुरे. अन्नाच्या प्रश्नाहून वेगळी अशी आणखी एक गोष्ट आहे : ज्या दस्तरखानावर मद्य फिरवले जाते, तेथे बसण्यास हदीसमध्ये मनाई आहे. ताटातले अन्न शुद्ध असले, तरी ती मनाई कायम राहते.

विचारण्यालाही मर्यादा आहे. नव्याने मुस्लिम झालेले काही लोक मांस आणून देत. त्यावर अल्लाहचे नाव घेतले होते की नाही, असा प्रश्न पडे. हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) अशा वेळी स्वतः बिस्मिल्लाह म्हणून खाण्यास सांगितले. म्हणून हद्रमौतच्या रीतीची मंदी एखाद्या मुस्लिम भावाच्या हॉटेलात समोर आली, तर त्याची उलटतपासणी करत बसू नये. तबूकच्या मोहिमेत, हिजरी ९ मध्ये, प्रेषितांपुढे (स.) चीज आणले गेले. त्यांनी सुरी मागवली, बिस्मिल्लाह म्हटले आणि ते कापले. संशयाला आधार असेल तेथे चौकशी, आणि आधार नसेल तेथे सद्भाव, असा हा समतोल आहे.

एकाच ताटावर दोन प्रामाणिक मुसलमानांचे उत्तर वेगळे असू शकते, हेही ध्यानात असू द्यावे. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफई आहेत. देशावरचे बहुतेक हनफी. सुशीच्या ताटात माकूल आली, तर शाफई मित्र ती खाईल, कारण त्याच्या मजहबमध्ये समुद्रातील जीवांना व्यापक मुभा आहे. हनफी मित्र ती खाणार नाही, कारण त्याच्या मजहबमध्ये जलचरांपैकी मासाच हलाल आहे. दोघांपैकी कोणी शिथिल नाही आणि कोणी हटवादीही नाही. खालिद (रजि.) खात होते आणि प्रेषित (स.) पाहत होते, हे दृश्य अशा वेळी आठवावे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. इतकी चौकशी करण्यापेक्षा असे सगळे अन्नच टाळले तर काय बिघडले? हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे, आणि मधल्या संशयास्पद गोष्टींपासून जो दूर राहतो तो आपला दीन व अब्रू राखतो, ही हदीस तर सर्वांना ठाऊक आहे. आक्षेप घेणाऱ्याला मी एवढेच म्हणेन, आपण अवश्य टाळावे. वरा, म्हणजे संशयापासून दूर राहण्याची सावधगिरी, हा गुण आहे. मात्र हा गुण स्वतःच्या ताटापुरता असतो. तो शेजाऱ्याच्या ताटावर फतवा होऊन बसला, की त्याचे रूप पालटते. शिवाय संशय हा आधारावर उभा असतो. केवळ नाव उच्चारता येत नाही म्हणून पदार्थ संशयास्पद होत नाही.

दुसऱ्या टोकाला आपला तो तरुण आहे, ज्याची पहिलीच नोकरी आहे आणि ज्याला दहा सहकाऱ्यांपुढे वेटरला प्रश्न विचारण्याची लाज वाटते. तो मुकाट्याने जे येईल ते खातो आणि रात्री अस्वस्थ होतो. बाळा, संकोच ही शरीअतने मानलेली निकड नव्हे. सूरह बकरामध्ये (आयत १७३) सवलत आहे ती अगतिकाला आहे. आणि हिंजवडीत दुपारच्या जेवणाला कोणी अगतिक नसतो. पण विचारताना सभ्यता राखावी. समोरचा वेटर बहुधा आपल्यासारखाच घर सोडून आलेला, नेपाळचा, आसामचा किंवा विदर्भाचा मुलगा असतो. त्याला दरडावू नये. तो म्हणाला की ठाऊक नाही, तर ते प्रामाणिक उत्तर आहे. त्याचे आभार मानावेत आणि दुसरे काही मागवावे. सहकाऱ्यांना आपल्या धर्माची पहिली ओळख कदाचित या चार वाक्यांतूनच होणार असते.

शेवटची गोष्ट मनाला अधिक बोचणारी आहे. भाड्याचे घर शोधताना, आपण काय खातो या प्रश्नावर दार बंद होताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. डबा उघडताच शेजारची खुर्ची सरकते, हेही काहींनी अनुभवले आहे. आपल्या अन्नावरून आपली माणुसकी मोजली जाते तेव्हा काय वाटते, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. मग अखुनी शिजवणाऱ्या तरुणापुढे, किमची खाणाऱ्या पाहुण्यापुढे आपण तेच करावे काय? सूरह हुजुरातमध्ये (आयत १३) अल्लाहने मानवांची राष्ट्रे व कबीले केल्याचा हेतू परस्परांची ओळख हा सांगितला आहे. निषिद्ध ते आपण खाणार नाही. त्यात तडजोड नाही. पण न खाणे आणि तुच्छ लेखणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि इस्लामने आपल्याकडे पहिलेच मागितले आहे.

आणि जे हलाल आहे, ते कुतूहलाने चाखायला हरकत नाही. केवळ छायाचित्रासाठी चार ताटे मागवून अर्धी टाकून देऊ नयेत. खा, प्या, पण उधळपट्टी नको, ही आज्ञा परक्या अन्नालाही लागू आहे. पुढच्या जुम्म्याला जो तरुण हा प्रश्न घेऊन येईल, त्याने कोरियन की जपानी हे सांगण्याआधी ताटात काय होते ते सांगावे. उत्तराचा अर्धा भाग तेथेच सापडेल.

अल्लाह आपल्या जिभेला शुद्ध अन्नाची आणि शुद्ध बोलण्याची तौफीक देवो. आमीन.