गरजूला शोधणे कोणाचे कर्तव्य?

आपल्या समाजात दानाची परंपरा क्षीण झालेली नाही. रमजानमध्ये जकात निघते, ईदच्या नमाजपूर्वी फितरा दिला जातो, कुर्बानीचे मांस घरोघर पोहोचते आणि मस्जिदीच्या दाराशी पसरलेला हात सहसा रिकामा परत जात नाही. तरीही त्याच मोहल्ल्यात एखाद्या घरी मधुमेहाच्या गोळ्या संपलेल्या असतात, एखादी विधवा मुलांना एक वेळ जेवू घालून स्वतः पाणी पिऊन झोपते, आणि हे कोणालाही ठाऊक नसते. देणारा आहे, घेणारा आहे. मग दोघांची भेट का होत नाही? ही भेट घडवून आणणे कोणाचे काम? गरजूने यावे व मागावे, की समाजाने जावे व शोधावे?

वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. ज्याला गरज आहे त्याने सांगावे. न सांगता कोणाला कसे कळणार? आपण सारे याच समजुतीने वागतो. परंतु कुरआनने हा प्रश्न नेमका उलट बाजूने हाताळला आहे. सूरह बकरहच्या २७३ व्या आयतीत अशा गरजवंतांचे वर्णन आले आहे, जे आपल्या स्वाभिमानामुळे लोकांच्या मागे लागून मागत नाहीत. त्यांना न जाणणारा माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. परंतु त्यांची ओळख चेहऱ्यावरून पटते. या आयतीत न मागणाऱ्याला दोष दिलेला नाही. त्याला न ओळखणाऱ्याला मात्र ‘अजाण’ म्हटले आहे. आपले सारे दानधर्म या एका शब्दापाशी थांबून तपासले पाहिजेत.

भाष्यकारांनी या आयतीचा संबंध मस्जिदे नबवीच्या ओसरीवर राहणाऱ्या सुफ्फावासीयांशी जोडला आहे. त्यांच्यापैकीच एक असलेले हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी स्वतःचा एक प्रसंग सांगितला आहे आणि तो सहीह बुखारीत नोंदलेला आहे. भुकेने व्याकूळ होऊन ते लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर बसले. हजरत अबू बकर (रजि.) तिथून निघाले, तेव्हा त्यांनी त्यांना कुरआनच्या एका आयतीविषयी विचारले. आयतीचा अर्थ त्यांना जाणून घ्यायचा नव्हता. विचारण्याच्या निमित्ताने त्यांनी आपल्याला सोबत न्यावे, एवढीच आशा होती. हजरत अबू बकर (रजि.) पुढे निघून गेले. मग हजरत उमर (रजि.) आले, तोच प्रश्न झाला, तेही निघून गेले. नंतर प्रेषित मुहम्मद (स.) आले. त्यांनी अबू हुरैरांचा चेहरा पाहिला, स्मित केले आणि त्यांना सोबत येण्यास सांगितले. घरी दुधाचा एक प्याला भेट म्हणून आलेला होता. प्रेषितांनी (स.) आधी सर्व सुफ्फावासीयांना बोलावून पाजले, मग अबू हुरैरांना तृप्त होईपर्यंत पाजले आणि सर्वांत शेवटी स्वतः प्याले.

उम्मतीतील दोन श्रेष्ठ पुरुषांनाही त्या प्रश्नामागची भूक कळली नाही. तेव्हा आपल्यालाही ती कळणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्याचे अनुकरण करायचे, त्या प्रेषितांनी (स.) प्रश्नाच्या आधी चेहरा वाचला.

हा प्रसंग मी मदरशात अनेकदा वाचला होता आणि पुढे शिकवलाही होता. त्याचा अर्थ मला फार उशिरा समजला. तो कसा समजला, हे सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

मी ज्या मस्जिदीत इमामत करीत होतो, तिथे शिवणकाम करणारे एक वयस्क गृहस्थ फजरच्या नमाजला नेहमी पहिल्या सफमध्ये असत. एके दिवशी नमाजनंतर त्यांनी मला एक मसला विचारला. पायाला पट्टी बांधलेली असेल तर वुजूच्या वेळी पट्टीवरून ओला हात फिरवणे पुरेसे होते का? मी सविस्तर उत्तर दिले. कोणत्या स्थितीत मसह चालतो, पट्टी सुटली तर काय करावे, सारे सांगितले. “जजाकल्लाह, मौलाना,” असे म्हणून ते निघून गेले. पट्टी कशाची आहे, हे मी विचारले नाही.

सुमारे दीड महिन्याने ते नमाजला दिसेनासे झाले. चौकशी केली तेव्हा कळले, की टाचेच्या जखमेने त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. मधुमेहाचे औषध त्यांनी पैशांअभावी कधीच बंद केले होते. एका खासगी दवाखान्यात खर्चाचा आकडा ऐकून ते घरी परतले होते आणि पत्नीखेरीज कोणालाही काही बोलले नव्हते. त्यांचे उपचार कोणत्या योजनेत बसतात का, सरकारी रुग्णालयात कोणाला भेटायचे, हे विचारायला त्यांच्यासोबत जाणारे कोणी नव्हते. त्याच महिन्यांत आमच्या मस्जिदीत नव्या गालिच्यासाठी वर्गणी जमत होती. त्यांनीही तीत शंभर रुपये दिले होते.

मी भेटायला गेलो तेव्हा विचारले, “चाचा, एकदा तरी सांगायचे होते.” ते म्हणाले, “मौलाना, तुम्हीच जुम्याला सांगितले होते ना, मागणाऱ्याच्या चेहऱ्यावर कयामतच्या दिवशी मांस उरणार नाही.”

मी ते सांगितले होते. हदीस खरी आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. परंतु ती भीक हा धंदा करणाऱ्यांविषयी आहे आणि तसे लोक माझा खुतबा ऐकायला आत बसलेले नव्हते. ते दाराबाहेर होते. आत बसला होता तो लाजाळू माणूस आणि ती ताकीद त्याने स्वतःवर घेतली.

त्याच विषयावरील दुसरी हदीस मी त्या दिवशी सांगितली नव्हती. हजरत कबीसा (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सांगितले होते, की तीन प्रकारच्या माणसांना मागणे वैध आहे: ज्याने दुसऱ्यांसाठी आर्थिक जबाबदारी अंगावर घेतली, ज्याचे धन आपत्तीत नष्ट झाले, आणि ज्याच्यावर उपासमारीची वेळ आली, ज्याविषयी त्याच्या समाजातील तीन समंजस माणसे तशी साक्ष देतील. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण लबाड मागणाऱ्यांना अडवण्यासाठी वापरतो. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. साक्ष द्यायची तर घरातली स्थिती ठाऊक असली पाहिजे. ज्या मोहल्ल्यात अशी तीन माणसे सापडत नाहीत, तिथे दोष गरजूचा आहे की मोहल्ल्याचा?

काही सुज्ञ वाचक म्हणतील, की अशा शोधाने लोक आळशी होतील. ही शंका अगदीच निराधार नाही. पण तिचे उत्तरही सुन्नतीत आहे. अबू दाऊदच्या संग्रहातील प्रसिद्ध प्रसंगात एक अन्सारी मागायला आला, तेव्हा प्रेषितांनी (स.) आधी त्याच्या घरात काय आहे, याची चौकशी केली. एक जाडेभरडे वस्त्र व एक प्याला होता. ते दोन दिरहमना विकून एका दिरहमचे अन्न घरी पाठवले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली आणि तिला दांडा आपल्या हाताने बसवून त्याला लाकडे तोडायला धाडले. इथे श्रमाची शिकवण आहेच. पण त्याआधी विचारपूस आहे आणि त्याआधी पोटाला अन्न आहे. ज्याचा पाय सडतो आहे त्याला कुऱ्हाड देता येत नाही. प्रेषितांनी (स.) उपचार करण्याची आज्ञा दिली आहे. म्हणून औषध न घेता सोसत राहणे हा सब्र नव्हे आणि त्याला तवक्कुलही म्हणता येणार नाही.

आता आपल्या राज्यातील वस्तुस्थिती पाहू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत ठरावीक आजारांवर विनाशुल्क उपचार होतात; प्रतिकुटुंब वार्षिक संरक्षण आता ५ लाख रुपयांपर्यंत आहे आणि मार्गदर्शनासाठी रुग्णालयातच ‘आरोग्यमित्र’ असतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए अन्वये धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात. अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क आहे. निराधार विधवा व दिव्यांगांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, तर निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना तहसील कार्यालयामार्फत चालते. गावोगाव आशा सेविका आहेत.

हे घेणे म्हणजे भीक मागणे आहे का? मुळीच नाही. कुरआनने श्रीमंताच्या संपत्तीतील गरजूच्या वाट्याला ‘हक्क’ म्हटले आहे, आणि तो हक्क मागणाऱ्याबरोबरच वंचिताचाही सांगितला आहे. कायद्याने ठरवलेला वाटाही हक्कच आहे. मात्र याच कारणास्तव खोटा उत्पन्नाचा दाखला काढून हे लाभ घेणे हराम आहे. कारण तो एखाद्या खऱ्या गरजूचा घास असतो.

अडचण योजनांच्या अभावाची कमी आणि वाटाड्याच्या अभावाची अधिक आहे. रेशनकार्डावर सुनेचे नाव चढलेले नसते, आधारवरील नावाचे स्पेलिंग जुळत नाही, कोणत्या खिडकीवर जायचे ते कळत नाही, आणि एका दिवसाची मजुरी बुडवून माणूस हात हलवीत परततो. इथे जकातीच्या रकमेइतकीच सोबत मोलाची ठरते.

म्हणून प्रत्येक मस्जिदीने दोन पुरुष व दोन स्त्रिया नेमाव्यात. स्त्रिया अशासाठी, की घरातील उपासमार आधी चुलीपाशी दिसते. त्यांनी रेशनकार्ड, दाखले, आरोग्यमित्र व तहसील यांची वाट नीट शिकून घ्यावी. आशा सेविकेशी ओळख ठेवावी. सलग काही दिवस न दिसलेल्या नमाजीच्या घरी जावे. गरजूसोबत रुग्णालयात जाऊन बसावे. आणि जे कळेल ते मनातच ठेवावे. फोटो नको, यादीचे वाचन नको. उपकार जाणवून देण्याने दान वाया जाते, हे कुरआनने स्पष्ट केले आहे. शेजारी मुस्लिमेतर असेल तर त्याच्यासोबतही तसेच जावे. हजरत उमर (रजि.) यांनी दारोदार मागणाऱ्या वृद्ध यहुद्याला हाताला धरून घरी नेले आणि बैतुलमालमधून त्याची सोय लावली, हे आपण विसरू नये.

अंदलुसियाचे विद्वान इब्न हज्म यांनी लिहून ठेवले आहे, की प्रत्येक वस्तीतील गरिबांची जबाबदारी त्या वस्तीतील श्रीमंतांवर आहे आणि जकात अपुरी पडली तरी ती संपत नाही. गरिबाला अन्न मिळावे, हिवाळ्या-उन्हाळ्याचे वस्त्र मिळावे आणि असे घर मिळावे, जे त्याला पावसापासून, उन्हापासून व ये-जा करणाऱ्यांच्या नजरेपासून वाचवील. गरिबाला आडोसा हवा, ही जाण त्या फकीहला होती. त्याला शोधायचे ते त्याचा आडोसा राखूनच.

ते चाचा आता कुबडीच्या आधाराने येतात आणि खुर्चीवर बसून नमाज अदा करतात. कोणी मसला विचारायला आला, तर उत्तर देण्यापूर्वी मी आता त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि घरी सर्व ठीक आहे ना, एवढे विचारतो. बहुतेक जण हो म्हणतात. काही जण थोडे थांबून हो म्हणतात. त्यांच्यासोबत मी दारापर्यंत चालत जातो.

अल्लाह आपल्याला न मागणाऱ्यांना ओळखणारी दृष्टी देवो आणि आपल्या शेजाऱ्यांविषयी आपल्याला अजाण ठेवू नये. आमीन.