मुक्काम भातखाचरातच हवा

पावसाळा ओसरला की आठवडा संपताना मुंबईच्या उपनगरांतून एक वेगळी गर्दी निघते. घाटकोपर-मुलुंडची मंडळी थेट कसारा लोकल पकडतात, अंधेरी-बोरिवलीची दादरला गाडी बदलतात. पाठीवर सॅक, सॅकला बांधलेली मॅट, आत घडीचा तंबू. कसाऱ्याला किंवा इगतपुरीला उतरून जीपने अकोले तालुक्यातल्या साम्रदला पोचायचे आणि गावाजवळच्या सांदण दरीत उतरायचे, हा त्यांच्या ठरलेल्या बेतांपैकी एक. बेसॉल्टच्या कातळात चीर पडावी तशी ही अरुंद नाळ कोकणच्या बाजूला उघडते. खालचे टप्पे दोराने उतरावे लागतात, म्हणून बरेच गट दरीच्या तळाशी रात्र काढतात आणि दुसऱ्या दिवशी करोली घाटाने वर येतात किंवा डेहण्याकडे उतरतात. ही रात्र कुठे काढायची? सपाट जागा दिसेल तिथे, हे यावरचे रूढ उत्तर. मला ते चुकीचे वाटते. दरीत आणि ओढ्याकाठी तंबू पडूच नयेत. मुक्काम गावाच्या भातखाचरात, गावाच्या संमतीने आणि मोबदला देऊनच व्हावा.

‘सपाट जागा दिसेल तिथे’ या उत्तराला अमेरिकेतल्या प्रथेचा आधार दिला जातो. तिथे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यात सुमारे साडेचोवीस कोटी एकर सार्वजनिक जमीन आहे आणि तिच्यातल्या बऱ्याच भागात आखून न दिलेल्या जागीही साधारण 14 दिवसांपर्यंत तंबू टाकता येतो. माणसे पांगली की त्यांचा भारही पांगतो, हा त्यामागचा विचार. पण तिथल्याच संशोधनाने त्याला मोठी मर्यादा घातली आहे. डेव्हिड कोल आणि इतर अभ्यासकांनी मुक्कामाच्या जागांची वर्षानुवर्षे पाहणी केली. बहुतेक नुकसान पहिल्या काही रात्रींतच होते, असे त्यांना दिसले: गवत चेपते, पालापाचोळा हटतो, माती घट्ट होते. त्यानंतरच्या रात्रींनी पडणारी भर त्या मानाने थोडी. याचा अर्थ असा की आधीच तुडवलेल्या एका जागेवर शंभर रात्री काढणे हे शंभर कोऱ्या जागांवर एकेक रात्र काढण्यापेक्षा रानाला बरेचदा स्वस्त पडते. ‘लीव्ह नो ट्रेस’ची शिकवणही हेच सांगते. वर्दळीच्या जागी एकत्र राहा, पांगायचे ते फक्त निर्मनुष्य मुलुखात. आपल्याकडे तिचा दुसरा अर्धाच तेवढा पाठ झालेला दिसतो. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 93 लाखांवर होती. त्यातला अगदी किरकोळ हिस्सा त्याच त्या सुट्यांना बाहेर पडला, तरी सांदणला निर्मनुष्य म्हणण्याची सोय उरत नाही.

दरीचा घाट पाहिला की अडचण आणखी उघड होते. शौचासाठी पाण्यापासून किमान 200 फूट दूर जावे आणि सहा ते आठ इंच खोल खड्डा खणावा, हा तंबूवाल्यांचा सर्वमान्य नियम. सांदणमध्ये काही ठिकाणी दोन भिंतींत जेमतेम काही फुटांचे अंतर आहे. 200 फूट दूर जाणार कुठे, आणि कातळात खणणार काय? घाटघर-रतनवाडीच्या या पट्ट्यात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ट्रेकच्या हंगामात ओढे आटलेले असतात, उरतात ते डोह. सात महिने साठलेली घाण पहिल्या मोठ्या पावसात एकदम खाली जाते. ग्रँड कॅन्यनमध्ये नदीतून जाणाऱ्या गटांना विष्ठासुद्धा डब्यात भरून परत न्यावी लागते आणि शेकोटी लोखंडी परातीतच पेटवावी लागते. कोलोरॅडोसारख्या बारमाही नदीच्या काठी ही सक्ती असेल, तर सांदणच्या डोहांना किती माफी द्यायची?

‘रिकामी जागा’ हा शब्दही तपासून घ्यायला हवा. सह्याद्रीत कुणाचीच नाही अशी जागा सापडणे कठीण. गवताचा माळ गुरांचा असतो, डोहावर वाडीतल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन येतात, जळणाच्या लाकडांवर महादेव कोळी आणि ठाकर घरांच्या चुली चालतात. त्यावर हा सगळा परिसर 1986 साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. इथे प्रवेशासाठी परवानगी लागते आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवण्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 30 ने मनाई आहे. मोकळ्यावर मुक्काम करण्याची आपली स्वतःची रीत मात्र जुनी आहे, आणि तिच्यात जागेचा मालक कधीच अदृश्य नव्हता. दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढरे घेऊन कोकणाकडे निघतात. त्यांचा वाडा, म्हणजे तळ, उतरतो तो पीक निघालेल्या शेतात, शेतकऱ्याशी बोलणे करून. मेंढ्या रात्रभर बसल्या की शेताला खत मिळते आणि त्याबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे. हा मुक्काम फिरता, पण बिनविचारलेला नाही. ‘कॅम्पिंग’ हा शब्द आयात करताना आपण शेजारचा हा नमुना पाहिलाच नाही, याचे मला नवल वाटते.

यावर पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा. दोन खोल्यांच्या घरात आठवडा काढणाऱ्याला एक रात्र तरी माणसांपासून दूर हवी असते, आणि खाचरात तंबू म्हणजे पुन्हा शेजार. हे खरे आहे. त्या माणसाचे यात नुकसान आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण एकांताचा हक्क उदारपणे देणाऱ्यांनाही गर्दीपुढे हात आखडावा लागला. स्कॉटलंडने 2003 च्या कायद्याने मोकळ्या मुलुखात वावरण्याचा आणि मुक्कामाचा हक्क दिला. लॉख लोमंडच्या काठांवर मात्र 2017 पासून मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. शिवाय दरी दिवसा खुलीच राहते. प्रश्न फक्त रात्रीचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. गावाच्या हाती मुक्काम दिला की त्याचा पवना होतो: धरणाच्या काठाला तंबूंच्या रांगा, स्पीकर, भाजलेल्या कोंबड्यांचा धूर. ही भीती खोटी नाही. मात्र पवनेत तंबू नेमके पाण्याच्या कडेला गेले, आणि कडेचीच किंमत लागली. तंबू गावठाणाजवळच्या खाचरात ठेवले, त्यांची संख्या ग्रामसभेने ठरवली आणि ती फलकावर लिहिली, तर कडेला भाव राहत नाही. राज्याचे 2021 चे साहसी पर्यटन धोरण आयोजकांच्या नोंदणीवर आणि सुरक्षिततेवर भर देते, ते आवश्यकच आहे. पण नोंदणीकृत आयोजकाचे पन्नास तंबू ओढ्यातच पडले तर त्या नोंदणीचा ओढ्याला काही उपयोग नाही. तिसरा आक्षेप जाणत्या गिर्यारोहकांचा: आम्ही मागे कागदाचा कपटाही ठेवत नाही. ठेवत नसतीलही. पण त्यांच्या तंबूचा फोटो आणि नकाशावरचा ठिपका मागे राहतो, आणि पुढच्या शनिवारी तिथे येणारे तितके जाणते नसतात.

खाचराच्या पर्यायाला एक मर्यादा आहे आणि ती मला त्याची मोठी जमेची बाजू वाटते. उन्हाळा चढला की शेतकरी राब भाजतो, रोपांसाठी जमीन तयार करतो. मे संपता संपता खाचरात तंबूला जागा उरत नाही. नेमक्या त्याच वेळी याच परिसरातल्या भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला सगळ्यांत मोठी झुंबड उडते. काजव्यांच्या अळ्या मातीत वाढतात, काही जातींच्या माद्यांना पंखच नसतात, त्या गवतात बसून नराच्या चमकण्याला उत्तर देतात. झाडाखाली टाकलेला तंबू आणि हेडटॉर्चचा झोत त्यांच्या जागेवरच पडतो. त्या तीन-चार आठवड्यांत पाहुण्याने घराच्या पडवीत अंथरूण टाकावे, आणि पडव्या भरल्या की साम्रदची जीप त्या रात्रीपुरती बंद व्हावी.