आढं आणि वळचण

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं. गवतावर, रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, पण खरा थर ऊन चढायच्या आत विरून गेलेला असतो. सातारा-सांगलीच्या वाट्याचा बर्फ एवढाच.

अमेरिका-कॅनडात संसार थाटलेल्या आपल्या लेकी-सुनांना मात्र हिवाळ्यात घराच्या छपराकडे डोळा ठेवावा लागतो. छपरावर साचलेला बर्फ घरातल्या उबेनं खालून वितळतो, पाणी उतरत कडेशी येतं आणि तिथल्या गारठ्यात पुन्हा गोठतं. कडेला बांध पडला की मागचं पाणी तटतं, उलटं वर सरकतं आणि छपराच्या थराखालून घरात शिरतं. आढ्याचं पाणी वळचणीला जायचंच, असं आपण म्हणतो. वळचण तुंबली की तेच पाणी आढ्याकडे निघतं. म्हणून तिकडची माणसं लांब दांड्याचं दाताळं घेऊन छपराची कड मोकळी करत बसतात.

आपल्याकडे हे काम वैशाखात, पाणी डोळ्यांना दिसतही नसताना करायचं असतं. पाटण, जावळीकडे अजून कौलारू घरं आहेत. कौलं चाळणारा गडी अनवाणी वर चढतो, पाय कौलावर न टाकता खालच्या वाशाचा अंदाज घेत टाकतो. प्रत्येक कौल उचलून बोटाच्या पेरानं वाजवतो. खणखणीत वाजलं तर परत जागेवर, बद्द वाजलं तर खाली. पन्हळीतून आंब्याची कुजकी पानं निघतात, पाखरांच्या घरट्याच्या काड्या निघतात, कधी पोरांचा हरवलेला चेंडू. महाबळेश्वरला तर भिंतींनाच गवताच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या झडी बांधतात, कारण तिथं पाऊस आडवा येतो आणि वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. हे सगळं नीट झालं तर पावसाळ्यात घरात काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याबद्दल त्या गड्याला कोणी शाबासकी देत नाही.

पण या खटाटोपात आपली काळजी आपल्या भिंतीपाशी संपते. पाणी पागोळ्यांतून खाली पडलं की सुटलो. ते शेजाऱ्याच्या अंगणात पडतं का, हा त्याचा प्रश्न. गावोगावच्या भाऊबंदकीत पागोळीच्या पाण्यावरून अबोला धरलेली घरं सापडतील, आणि वहिवाटीच्या हक्काचे दावेही.

महाबळेश्वरच्या छपरांवरून सुटलेलं बरंचसं पाणी कृष्णेला, वेण्णेला नाहीतर कोयनेला मिळतं. वेण्णा माहुलीला कृष्णेत येते, कोयना कऱ्हाडला, आणि सगळं मिळून सांगलीच्या दारात. सांगली शहराचा स्वतःचा पाऊस जेमतेम सहाशे मिलिमीटरच्या आसपास. पूर येतो तो वरच्यांच्या पाण्यानं. तिथं जुलै-ऑगस्टमध्ये माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. कितव्या फुटाला आपल्या गल्लीत पाणी येतं, हे सूर्यवंशी प्लॉटातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या हिशोबानं आधी गाडी हलते, मग धान्याचे डबे माळ्यावर जातात, शेवटी घरातली म्हातारी माणसं नातेवाइकांकडे. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा माळेही कामाला आले नाहीत.

सांगलीची खरी धास्ती खालच्या अंगाला आहे. अलमट्टी धरणाची पाणीपातळी 519 मीटरवरून 524वर नेण्याची मुभा कृष्णा लवादानं 2010 साली कर्नाटकाला दिली, तेव्हापासून इकडे आंदोलनं, निवेदनं, बैठका चालू आहेत. तंटा पागोळीचाच, फक्त अंगणं दोन राज्यांची. वळचण कोणी तुंबवली तर पाणी आपल्या अंगावर चढेल, ही भीती त्यात आहे, आणि ती खोटी म्हणवत नाही.

तरी एक गोष्ट खटकते. नदीकाठच्या सखल जागांना सांगलीत ओत म्हणतात. कृष्णा फुगली की जादा पाणी तिथं पसरायचं आणि ओसरायचं. यातल्या कित्येक ओतांत आता मुरूम पडला आहे, प्लॉट पडले आहेत, त्यांवर घरं उभी आहेत. अलमट्टीच्या पाच मीटरसाठी कर्नाटकाशी भांडायलाच हवं. पण मुरमाचे डंपर रिकामे होत होते तेव्हा निवेदन कोणाला द्यायचं होतं? ओतांत घरं बांधणारेही सांगलीचेच होते, आणि आज आयर्विनचा आकडा सगळ्यांच्या आधी विचारतात तेही तेच.