नावाची ती एक ओळ

दोन वर्षांपूर्वी मी सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि ‘खिडकीतून येणारा उजेड फोटोत कसा पकडायचा’ हे शोधता शोधता सुब्रत मित्र या नावापाशी पोहोचलो. ‘पथेर पांचाली’चा कॅमेरामन. १९५२ मध्ये शूटिंग सुरू झालं तेव्हा तो नुकता विशी ओलांडलेला होता आणि सिनेमाचा कॅमेरा त्याने त्याआधी एकदाही चालवला नव्हता. सत्यजित राय यांचाही तो पहिलाच सिनेमा. मागे स्टुडिओ नाही, खिशात पैसा नाही. रायांनी विमा पॉलिसी गहाण टाकली, रेकॉर्ड्स विकल्या.

मग हा मुलगा शिकला कुठे? फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार ‘द रिव्हर’च्या शूटिंगसाठी बंगालमध्ये आला होता. सुब्रत तेव्हा सायन्सचा विद्यार्थी. काम मागायला गेला, मिळालं नाही. वडिलांच्या खटपटीने सेटवर नुसतं बघत उभं राहायची परवानगी मिळाली. तो रोज गेला. दिवे कुठे ठेवलेत, कॅमेरा कसा हलतोय, याच्या आकृत्या वहीत काढत राहिला. त्या इतक्या नेमक्या होत्या, की कॅमेरामन क्लोद रेन्वारने प्रकाशयोजनेची कंटिन्युइटी तपासायला ती वही बघितली, असं सांगतात.

अजून एक गोष्ट. सुब्रत सतार वाजवायचा. ‘द रिव्हर’च्या संगीतात त्याची सतार आहे. ‘पथेर पांचाली’चं बहुतेक संगीत रविशंकरांनी एका रात्रीत केलं, पण त्यातलीही थोडी सतार या कॅमेरामनची आहे.

हे सगळं वाचत होतो त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये एक प्रकार झाला. प्रकार कसला, मीच केला.

आमच्या ॲपचं एक पेज फार हळू उघडायचं. टपरीवर चहा पिताना टीममधली एक ज्युनिअर म्हणाली, “अरे, आपण प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसकडे वेगळं जातोय. एकदाच आणून ठेवलं तर?” बिलाच्या मागे तिने पेनाने चौकोन काढून दाखवले. मी शनिवारी बसून ते लिहिलं. सोमवारी डेमोमध्ये पेज झटकन उघडलं. मॅनेजर म्हणाला, “भारी काम!” मी म्हणालो, “थँक्स.” ती कॉलवर होती. माइक बंद.

रात्री मी स्वतःला समजावलं, की यात नवीन काय आहे? ही युक्ती जुनी आहे, तिनेही ती कुठेतरी वाचलीच असणार. कोड तर मी लिहिला. आणि सुब्रत तरी काय करत होता? दुसऱ्याच्या सेटवर उभं राहून टिपूनच घेत होता ना?

म्हणून मी पुढे वाचलं. ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारायचं ठरलं. अशा अंगणात उजेड वरून, आकाशातून झिरपतो. त्याला टोकदार सावली नसते. स्टुडिओच्या दिव्यांनी हे जमणार नाही, असं सुब्रतचं म्हणणं होतं. कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त ऐकेनात, कारण त्यांना पावसाची भीती होती. शेवटी सुब्रतने सेटच्या वर पांढरं कापड ताणलं, दिवे खाली लावून त्यावर मारले आणि परत येणाऱ्या उजेडात शूटिंग केलं. वही भरून ठेवणं ही तयारी होती, कापड ताणणं हे त्याचं उत्तर. माझ्या बाबतीत प्रश्न ऑफिसचा, उत्तर तिचं आणि टायपिंग तेवढं माझं.

पण याच गोष्टीचा पुढचा भाग मला अडचणीत टाकतो. काही वर्षांनी ही ‘बाउन्स’ पद्धत बर्गमनचा कॅमेरामन स्वेन निकविस्ट याच्या नावावर सांगितली जाऊ लागली. आम्ही हे त्याच्या आधीपासून करतोय, असं रायांना सांगावं लागलं. निकविस्टने चोरलं का? मला तसं वाटत नाही. दोन माणसं, दोन देश, एकच अडचण, तेच उत्तर. म्हणजे कल्पनेला मालक नसतो, हे माझं म्हणणं खरंच आहे.

फक्त ते मला लागू होत नाही. निकविस्टला सुब्रतने चहा पिताना बिलामागे आकृती काढून दिली नव्हती. मला दिली होती. कल्पनेला मालक नसेल, पण ती माझ्यापर्यंत आणणारं माणूस होतं आणि मला त्याचं नाव माहीत होतं.

आम्ही रोज दुसऱ्यांचा कोड वापरतो. एमआयटी लायसन्स म्हणतं, घ्या, बदला, विका, पैसेही देऊ नका. फक्त मूळ लेखकाच्या नावाची ती ओळ आणि ही परवानगी पुसू नका. अनोळखी माणसाची ओळ मी बिनचूक ठेवतो, कारण तिथे कायदा आहे. शेजारच्या डेस्कवरच्या मुलीची ओळ ठेवायला कायदा नव्हता. तिथेच मी घसरलो.

पुढच्या सोमवारी मी सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या पेजची कल्पना माझी नव्हती, तिची होती. कौतुकाचा क्षण निघून गेलेला होता. मॅनेजरने “ओके, गुड” म्हणून पुढचा विषय घेतला. नंतर तिचा मेसेज आला, “आठवडाभर का थांबलास?”

याचं उत्तर मी अजून टाइप करू शकलेलो नाही.