स्वेच्छा आणि शिस्त

वेतन घेणाऱ्याला काम सांगता येते, कारण वेतन थांबवता येते. सैनिकाला आज्ञा देता येते, कारण आज्ञाभंगाला शिक्षा असते. स्वयंसेवकाच्या बाबतीत या दोन्ही सोयी नाहीत; ज्या इच्छेने तो येतो त्याच इच्छेने तो केव्हाही परत जाऊ शकतो. मग त्याच्यावर अधिकार चालतो तो कशाच्या बळावर? ‘व्यक्तिमत्त्वाचे तेज’ हे चरित्रग्रंथांतले नेहमीचे उत्तर आळशीपणाचे आहे. त्याने प्रश्नाला केवळ नवे नाव मिळते. १९१७ साली चंपारणमध्ये जे घडले ते बारकाईने पाहिले, तर नेत्याच्या तेजापेक्षा त्याने काय मागितले आणि काय मागितले नाही याला अधिक महत्त्व द्यावे लागते.

तीनकठिया पद्धतीने बिघ्यातील वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत निळीची लागवड रयतेवर सक्तीची होती. तिची चौकशी करण्यास गांधीजी निघाले तेव्हा ब्रजकिशोर प्रसाद आदी बिहारी वकील साहाय्यास पुढे आले. त्यांच्या कायदेज्ञानाचा आपल्याला फारसा उपयोग नाही, असे गांधीजींनी त्यांना सांगितले. हवे होते ते कारकून आणि दुभाषे. तुरुंगाचा प्रसंग येऊ शकेल, पण ज्याने त्याने आपल्या शक्तीइतकेच पुढे जावे. अनिश्चित काळ व्यवसाय सोडून लेखनिक होणे हेही लहान काम नव्हे, असेही ते म्हणाले. प्रतिष्ठित माणसाकडे कमी प्रतिष्ठेचे काम मागायचे आणि त्यागाची सीमा मात्र त्याच्याच हाती ठेवायची, असे हे आवाहन होते. उदात्त भाषेने माणसे पुष्कळ जमतात. नेमके काम सांगितल्याने ती टिकतात.

जिल्हा सोडण्याचा हुकूम मोडल्यावर ती सीमा कसाला लागली. आपण तुरुंगात गेलो तर तुम्ही काय कराल, या प्रश्नाला सहकाऱ्यांचे पहिले उत्तर घरी परतण्याचे होते. त्या उत्तराची निर्भर्त्सना झाली नाही. रयतेचे काय, एवढेच त्यांना विचारण्यात आले. मग त्यांनी आपसांत विचार केला. दूरचा माणूस येथील शेतकऱ्यांसाठी कैद पत्करतो आणि आपण शेजारच्या जिल्ह्यांतले असून पाठ फिरवतो, ही लाज त्यांची त्यांना जाणवली आणि त्यांनी तुरुंगात जाण्याची तयारी कळविली. लगेच कोणी कोणाच्या मागून अटक करून घ्यायची याचा क्रम ठरला. निश्चय स्वतःचा असल्यामुळेच त्या क्रमाला शिस्तीचे रूप येऊ शकले.

पुढील शिस्त रोजच्या व्यवहारातली होती. प्रत्येक वकिलाबरोबर नोकर आणि स्वयंपाकी असे. रात्रीचे जेवण मध्यरात्रीपर्यंत लांबे. थट्टा करता करता नोकर गेले, चुली एक झाल्या, सर्वांसाठी शाकाहारी भोजन ठरले. जबान्या घेताना प्रत्येक शेतकऱ्याची उलटतपासणी करायची आणि जो टिकणार नाही त्याचे कथन वगळायचे, असा दंडक होता. गुप्त पोलीस खात्याचा अधिकारी समोर बसलेला असे, त्याच्याशीही सौजन्यानेच वागायचे. ज्याच्या बाजूने आपण लढतो त्याच्याही शब्दाची परीक्षा घ्यायची, ही स्वयंसेवकाच्या उत्साहाला सर्वांत जड जाणारी गोष्ट होती.

नोव्हेंबरमध्ये बडहरवा लखनसेन आणि भितिहरवा येथे शाळा निघाल्या. पुढे मधुबनलाही एक निघाली. येथे महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय होता. मुंबईहून अवंतिकाबाई आणि बबनराव गोखले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या. औषधोपचाराची व्यवस्था भारत सेवक समाजाच्या डॉ. देवांनी पाहिली. बायकांना हिंदी येत नव्हती. व्याकरणापेक्षा स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवा, असे सांगून गांधीजींनी ती अडचण दूर केली. निळीच्या मळेवाल्यांविरुद्धच्या तक्रारींत आणि राजकारणात पडायचे नाही, हे बंधन मात्र कडक होते. ते सर्वांनी पाळले. डोळ्यांसमोर अन्याय दिसत असता एरंडेल, क्विनाईन आणि खरजेचे मलम यांपुरते आपले काम मानणे, याला वकिलांच्या तुरुंगाच्या तयारीइतकाच संयम लागला असला पाहिजे. इतिहास त्याची नोंद कमी घेतो.

भितिहरव्याची गवती शाळा जळाली तेव्हा बेळगावचे वकील सोमण यांनी श्रम करून पक्की इमारत उभी केली. त्यांचे श्रम पाहून इतरही हात लागले. आता आग लागण्याची भीती उरली नव्हती.

उणीव दुसरीकडेच होती. १९१८ साली कायद्याने तीनकठिया रद्द झाली, चौकशीचे काम संपले आणि खेडा व अहमदाबादच्या प्रश्नांनी गांधीजींना ओढून नेले. बाहेरून आलेले स्वयंसेवक ठराविक मुदतीपुरते आलेले होते, नवे मिळेनात आणि बिहारमधून कायमचे विनावेतन कार्यकर्ते उभे राहिले नाहीत. रचनात्मक कार्य स्थिर पायावर आणण्याची आपली इच्छा अपुरी राहिली, हे त्यांनी आत्मकथेत खेदपूर्वक नमूद केले आहे. वकिलांना निर्णय स्वतः घेऊ देणाऱ्या या पद्धतीत खेड्यातील माणूस जबानी देणारा, उपचार घेणारा, शिकणारा होता. तो स्वयंसेवक व्हावा अशी मागणी त्याच्याकडे फारशी गेली नाही.